कार्ड आणि खाट

आरोग्यमित्राच्या टेबलावर आजींनी पिशवी उलटी केली. केशरी रेशनकार्ड, प्लास्टिकच्या कव्हरात राहून राहून कडा चिकटलेलं. आधार कार्डाची लॅमिनेट केलेली प्रत. बँकेचं पासबुक. रबरबँड लावलेले पासपोर्ट आकाराचे तीन फोटो. घडीवर फाटलेल्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या. आणि बीपीच्या गोळ्यांची एक रिकामी पट्टी. ती कुणी मागितली नव्हती. "गोळीचं नाव वाचता येत नाही, म्हणून पट्टीच संगं ठेवतो," आजी म्हणाल्या.

विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावचं हे मोठं रुग्णालय. ओपीडीच्या तोंडाशी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा कक्ष आहे. कक्ष म्हणजे एक टेबल, एक संगणक, भिंतीवर योजनेचा फलक आणि टेबलामागे पंचविशीतला एक मुलगा. योजनेच्या भाषेत त्याला आरोग्यमित्र म्हणतात. मी तिथं तीन दिवस बसलो होतो. रांग कधी सरली नाही.

"आजी, रेशनकार्डावर रुखमाबाई आहे, आधारवर रुक्मिणी. कोणतं धरू?"

"भाऊ, रुखमा बी मीच आन् रुक्मिणी बी मीच. माहेरचं रुक्मिणी. सासरी रुखमा म्हणत."

(आजींचं खरं नाव वेगळं आहे. दोन कागदांमधला फरक मात्र असाच, दोनतीन अक्षरांचा.)

मुलाला त्यांचं म्हणणं पटलं होतं. संगणकाला पटत नव्हतं. चार दिवसांपूर्वी आजींच्या छातीत दुखू लागलं, ग्रामीण रुग्णालयानं इकडे पाठवलं, इथं दाखल करून घेतलं. आता हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घालायचा होता. डॉक्टर म्हणाले, थांबता येईल, पण फार नाही. योजनेत बसवायचं तर आधी नाव जुळायला हवं, मग कागद वर जाणार, मंजुरी येणार, मग तारीख. आजींचा मुलगा तालुक्याच्या पुरवठा शाखेकडे निघाला तेव्हा शुक्रवारची दुपार होती. शनिवार-रविवार कार्यालय बंद.

त्या दोन सुट्ट्यांत आजी वॉर्डातल्या खाटेवर पडून होत्या आणि मुलगा गावातल्या एकाकडे, शेत गहाण न ठेवता किती पैसे मिळतील, याची चौकशी करत होता. कार्ड खिशात असलेल्या माणसानं कर्जाची चौकशी करावी, हे दृश्य मी पुढे अनेक ठिकाणी पाहिलं. या लेखाचं कारण ते आहे.

महाराष्ट्रात या योजनेचा प्रवास आता बराच लांबचा झाला. १९९७ साली जीवनदायी योजना आली ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी आणि हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोजक्या मोठ्या आजारांसाठी. २ जुलै २०१२ रोजी तिची जागा राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेनं घेतली, आधी आठ जिल्ह्यांत : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि उपनगर. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख, ९७२ उपचार. पिवळं आणि केशरी कार्ड ही किल्ली. पुढे विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांमधल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही त्यात घेतलं. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि करोनाच्या त्या भयंकर वर्षात दार सगळ्यांसाठी उघडलं. जुलै २०२३च्या शासन निर्णयानं संरक्षण पाच लाखांवर नेलं, उपचारांची संख्या १३५६ केली आणि कार्डाच्या रंगाची अट काढली.

हे काम लहान नाही. २०१२ पूर्वी ज्या घरात हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन म्हणजे जमीन विकणं होतं, त्या घरातली माणसं आज रुग्णालयाच्या दारापर्यंत येतात आणि पुष्कळदा बरी होऊन घरी जातात. त्या तीन दिवसांत मी अशी माणसं पाहिली. डायलिसिससाठी ठरलेल्या वारी येणारा एक रिक्षावाला तर आरोग्यमित्राला नावानं हाक मारत होता. योजना नसती तर तो जिवंत नसता, हे त्यानंच मला सांगितलं, अगदी सहज, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं.

तरीही माणसं कर्ज काढतात. का काढतात?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या ७५व्या फेरीत दिसलं की खेड्यांतल्या सुमारे ८६ टक्के आणि शहरांतल्या सुमारे ८१ टक्के लोकांना आरोग्यखर्चाचं कोणतंही संरक्षण नव्हतं. त्याच पाहणीत बाळंतपणं सोडून एका वेळी दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये निघाला आणि खासगीत ३१,८४५. सातपट. त्यानंतर आयुष्मान भारत आली, राज्यांच्या योजना वाढल्या. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. पण शंभरातले चाळीस रुपये अजून खिशातून जातात, आणि ज्या खिशातून जातात त्यात सगळ्यांच्या सारखे पैसे नसतात.

त्यात आणखी एक गोष्ट. योजना पैसे देते ते पॅकेजचे. ठरलेलं ऑपरेशन, ठरलेला दर. आजार मात्र पॅकेजच्या आधी सुरू होतो आणि पॅकेज संपल्यावरही घरी राहतो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना मी विचारत गेलो, आतापर्यंत किती गेले? कुणीही ऑपरेशनचा आकडा सांगितला नाही. सगळ्यांनी त्याआधीचे आकडे सांगितले : गावातला डॉक्टर, तालुक्याची सोनोग्राफी, बाहेरून आणलेली औषधं, गाडी, आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. एकानं बोटं मोजत हिशेब मांडला आणि मध्येच थांबून म्हणाला, "बैल विकला तो यात धरायचा का?"

पगारदार आणि मध्यमवर्गीय माणसाला वाटतं, हे आपलं नाही, आपली पॉलिसी आहे. मलाही वाटायचं. आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी निर्धास्त होतो. तीन लाखांची पॉलिसी, बारा वर्षं एकही दावा न करता हप्ते भरलेले. रुग्णालयात विचारलं, खोली कोणती? आईला झोप लागावी म्हणून एकटीची खोली घेतली, दिवसाला सहा हजार. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे तीन हजार. वरचे तीन हजार आपण भरू, पाच दिवसांचे पंधरा हजार, असा माझा साधा हिशेब.

बिल झालं २,१०,०००. त्यात खोली ३० हजार. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या ५० हजार. उरलेले १,३०,००० सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या भेटी यांचे. कंपनीनं खोलीचे १५ हजार कापले, ते मला मान्यच होते. पण खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली म्हणून त्या १,३०,००० मधलेही निम्मे कापले, कारण पॉलिसीत तसं कलम होतं. खोलीच्या प्रमाणात बाकीच्या खर्चाची कपात. मला भरावे लागले ८० हजार. सर्जननं दोन खोल्यांसाठी दोन प्रकारची ऑपरेशनं केली नव्हती, पण खोलीचा दर बदलला की रुग्णालयाचा फीचा तक्ताही बदलतो, म्हणून हे कलम असतं. कलम खरं होतं, छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. दाखल करून घेताना विम्याच्या खिडकीवरच्या माणसाला ते माहीत होतं. त्यानं एक वाक्य बोलायला हवं होतं. या पानावरून मी ते बोलतो : खोली निवडण्याआधी पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा पाहा, आणि नवी पॉलिसी घेताना अशी मर्यादा नसलेली घ्या, हप्ता थोडा जास्त पडला तरी.

नियम अलीकडे विमाधारकाच्या बाजूनं थोडे सरकले आहेत. २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षं. पाच वर्षं सलग हप्ते भरल्यावर, माहिती लपवली असं सांगून कंपनी दावा नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि रुग्णालयातून सुट्टी मिळताना तीन तासांत अंतिम मंजुरी, असं विमा नियामकानं बजावलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही शून्यावर आला. दावा चुकीनं नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार आणि तिथं दाद लागली नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. दावा नाकारला गेलेले कितीजण तिथवर जातात? माझ्या ओळखीत एकही नाही.

तिसरं एक दार आहे, त्याची माहिती तर सगळ्यांत कमी लोकांना. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयानं ठरवून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखायच्या आहेत. बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठी वेगळ्या निधीत ठेवायची आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तातडीचा रुग्ण आला तर आधी दाखल करून जीव वाचवण्याचे उपचार द्यायचे, निर्धनाकडे अनामत मागायची नाही, हेही त्यात आहे. राज्यातली नामांकित, काचेच्या दारांची कितीतरी रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय आहेत. त्यांच्या स्वागतकक्षात शिरलेला धोतर नेसलेला माणूस खाट मागायच्या आधी स्वतःच्या चपलांकडे बघतो. मी हे पाहिलं आहे आणि ते विसरता येत नाही. वैद्यकीय समाजसेवकाची खोली कुठं आहे, हे सांगणारा बाण दरवाजातच असला, तरी पुष्कळ काम होईल.

खाटेचा आणखी एक अर्थ गडचिरोलीत कळतो.

भामरागड तालुका गडचिरोली या जिल्ह्याच्या मुख्यालयापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की तालुक्याचा संपर्क तुटतो. नदीपलीकडच्या, नाल्यापलीकडच्या पाड्यांवरून आजारी माणसाला आणायचं तर घरातली बाज उलटी करून, तिला बांबू बांधून, चौघांच्या खांद्यावरून. त्या बाजेला तिथं खाटच म्हणतात. खाटेवरून नाल्यापर्यंत, नाल्यातून डोंग्यानं, मग मिळाली तर रुग्णवाहिका. पाच लाखांचं संरक्षण त्या पाड्यावरच्या कुटुंबालाही आहे, पुण्यातल्या कोथरूडच्या कुटुंबाला आहे तेवढंच. फरक हा की कोथरूडकराला योजनेत घेतलेली, म्हणजे अंगीकृत, रुग्णालयं रिक्षाच्या अंतरावर आहेत. अंगीकृत व्हायचं तर खाटांच्या, तज्ज्ञांच्या, यंत्रांच्या अटी पुऱ्या कराव्या लागतात, आणि अशी रुग्णालयं जिथं तज्ज्ञ राहतात तिथंच उभी राहतात : मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. विमा खिशाची अडचण सोडवतो. जिथं डॉक्टरच नाही तिथं डॉक्टर आणून बसवणं विम्याच्या हातात नाही. सत्तरच्या दशकात डॉ. प्रकाश आमटे भामरागडजवळच्या हेमलकशाला जाऊन राहिले तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारखं कार्ड नव्हतं, ते स्वतः तिथं होते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बाळांसाठी गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं, तेव्हाही मुद्दा तोच होता : उपचार करणारं माणूस घराच्या जवळ हवं.

मध्यम आकाराच्या गावातले डॉक्टर योजनेत यायला का कचरतात, तेही ऐकलं. वीस खाटांचं रुग्णालय चालवणारे एक सर्जन म्हणाले, "पॅकेजचे दर मुंबईत ठरतात, ऑक्सिजन मला इथल्या भावानं घ्यावा लागतो. वर दाव्याचे पैसे कधी येतील ते सांगता येत नाही. पगार मात्र एक तारखेलाच." त्यांच्या बोलण्यात कुरकुर होती, खोटेपणा नव्हता. उशिरानं येणाऱ्या पैशांची झळ मोठं रुग्णालय सोसतं, लहान रुग्णालय योजनेतून बाहेर पडतं, आणि मग तालुक्याच्या गावात अंगीकृत असं काही उरत नाही.

आता वर्ध्याकडे येऊ या. हा सगळा विचार आपल्याच मातीत एकदा वेगळ्या रीतीनं झाला होता, आणि त्याची आठवण फार थोड्यांना आहे.

सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथल्या मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले. ऐंशीच्या दशकात तिथं जी योजना आकाराला आली तिचं नाव जवार विमा. सुगीच्या दिवसांत, खळ्यावर रास पडली की, गावातलेच कार्यकर्ते घरोघर ज्वारी गोळा करत. ज्याची जमीन जास्त त्याचा वाटा जास्त, भूमिहीनाचा अगदी थोडा. त्या ज्वारीच्या पैशांतून गावच्या आरोग्यसेवकाचा आणि औषधांचा खर्च भागायचा, आणि वर्गणी दिलेल्या घरातलं कुणी अचानक आजारी पडलं तर संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात त्याचा उपचार मोफत. मोतीबिंदू, हर्निया, बाळंतपण अशा आधी माहीत असलेल्या गोष्टींसाठी खर्चाचा चौथा हिस्सा घरानं द्यायचा.

यात एक अट होती, तिच्यावर मी बराच वेळ विचार करत राहिलो. गावातल्या गरीब घरांपैकी निदान पाऊणशे टक्के घरं सामील झाली, तरच गाव योजनेत येणार. विम्याच्या धंद्यातल्या माणसाला यातलं गणित लगेच कळेल : फक्त आजारी माणसंच वर्गणी भरू लागली तर निधी बुडतो, धडधाकटांनीही भरायला हवं. पण खेड्यात त्या अटीचा आणखी एक परिणाम होतो. शेजाऱ्याला सामील करून घेतल्याशिवाय मला संरक्षण नाही, म्हणून मला त्याच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं, बोलावं लागतं. ग्रामसभेत वर्गणी ठरते, आरोग्यसेवकानं काम नीट केलं नाही तर त्याला तिथंच विचारलं जातं. आपल्याला विमा आहे की नाही, हे त्या गावात कुणाला संगणकावर पाहावं लागत नव्हतं. आपल्या राशीतली ज्वारी आपण मापून दिली, हे घरातल्या पोरालाही माहीत होतं.

हे सगळं जसंच्या तसं बारा कोटींच्या राज्याला लावता येणार नाही. विदर्भात ज्वारीच्या शेतांवर आता सोयाबीन उभं असतं, खळीही उरली नाहीत. शिवाय त्या योजनेच्या पाठीशी सेवाग्रामसारखं रुग्णालय होतं, ते प्रत्येक गावाला कुठून मिळणार? पण त्या योजनेतला क्रम बघा. पैसा आधी गावातल्या आरोग्यसेवकाकडे जात होता, गोळीकडे जात होता. मोठं रुग्णालय त्यानंतर. आपल्या आजच्या योजनेत पैसा थेट ऑपरेशन टेबलापाशी उगवतो. त्याच्या अलीकडे, उपकेंद्रात, आशाताईच्या पिशवीत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधांच्या कपाटात काय आहे, याचा हिशेब वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या निधीतून होतो. दोन्हींची गाठ पडत नाही.

ती गाठ पडली नाही तर काय होतं, ते आजींच्या पिशवीत होतं. आठ वर्षांपूर्वी त्यांना बीपी निघालं. गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. केंद्र अकरा किलोमीटरवर. कधी गोळी संपलेली, कधी पंधरा दिवसांचीच दिलेली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलं की एक दिवसाची मजुरी जाते. सोंगणीच्या दिवसांत आजी गेल्या नाहीत. मग बरंच वाटत होतं म्हणून गेल्या नाहीत. दोन वर्षं ती रिकामी पट्टी पिशवीत होती. गोळी सुरू असती तर हा दिवस टळला असता का, असं मी वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, "खात्रीनं नाही सांगता येत. पण माझ्या आईला मी एक दिवसही गोळी चुकवू देत नाही."

सोमवारी दुपारी आजींचा मुलगा शिक्का मारलेला कागद घेऊन आला. तहसील कार्यालयातल्या एका कारकून बाईंनी जेवणाची सुट्टी पुढे ढकलून त्याचं काम केलं होतं. संध्याकाळपर्यंत आरोग्यमित्रानं तो वर चढवला, मंगळवारी मंजुरी आली, बुधवारी स्टेंट बसला. मुलाला कुणाकडून पैसे घ्यावे लागले नाहीत.

शनिवारी आजींना रुग्णालयातून सुट्टी मिळाली. योजनेत परतीच्या एसटीचं भाडंही मिळतं. त्या रकमेसाठी आजींनी अंगठा उमटवला, बोट पदराला पुसलं. औषधांची पिशवी हातात आली तेव्हा त्यांनी खाटेवर बसून एकेक पट्टी बाहेर काढली आणि रिकाम्या पट्टीशेजारी ठेवून पाहिली.

"यातली बीपीची कोणती?"

नर्सनं दाखवली.

"अन् हे संपली का?"

"मावशी, तुमच्या केंद्रात मिळेल. तिथं जा."

आजींनी दोन्ही पट्ट्या एकत्र करून रबरबँड लावला आणि मुलाला विचारलं, सोयाबीनची सोंगणी आपल्याकडे कधी लागते.